'डिझाइन' कोणत्या अर्थाने, ते आधी लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इमारतीचा भाग कोसळला, यंत्राने दगा दिला, प्रवेशप्रक्रियेत घोळ झाला किंवा एखाद्या औषधाच्या चाचणीवर आक्षेप आला, की बातमीत एक वाक्य हमखास येते : 'डिझाइनमध्ये त्रुटी होती.' वाचकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. आकडेमोड चुकली, की नकाशा बरोबर असून जोडणी ऐनवेळी बदलली? वापरणाऱ्याच्या हाताचा विचार राहून गेला, की नमुनेच चुकीचे निवडले? या चार निराळ्या चुका आहेत. त्या निराळ्या टप्प्यांवर सापडतात आणि त्यांचा जाब निराळ्या माणसांना विचारायचा असतो.

दुसरीकडे, सगळ्या विद्याशाखांना एकच 'डिझाइन प्रक्रिया' शिकवावी असा आग्रह वाढतो आहे. वापरणाऱ्याला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, नमुना बनवा, तपासा. पाच चौकटी आणि मध्ये बाण. वस्तू घडवणाऱ्यांसाठी हा तक्ता उपयोगी आहे. तो जसाच्या तसा शेतावरच्या प्रयोगात किंवा पुलाच्या बांधणीत नेला तर मात्र नुकसान होते. ते नेमके कसे, हे मोजमापांसह सांगावे म्हणून हे पत्र.

मराठीने खरे तर ही उकल पूर्वीच करून ठेवली आहे. कापडावर असते ती नक्षी, इमारतीचा असतो तो आराखडा, बांधकामाच्या कागदपत्रांत असते ते संकल्पचित्र, प्रबंधात असतो तो संशोधन आराखडा, यंत्राची असते ती रचना आणि पानाची असते ती मांडणी. बोलताना आपण या सगळ्यांचे 'डिझाइन' करून टाकले आणि शब्दांबरोबर त्यांतले फरकही गेले.

स्थापत्य अभियंत्यापासून सुरुवात करू. त्याचे डिझाइन म्हणजे भार कुठून निघतो, कशातून जातो आणि कुठे उतरतो याचा हिशेब. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीत एका हॉटेलच्या दालनातले दोन लटकते पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ नकाशात छतापासून निघालेली अखंड सळई चौथ्या मजल्याच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत उतरत होती. दोन्ही पूल त्याच सळईवर, आपापल्या नटावर टेकलेले. एका दोरीला दोन माणसे वरखाली लोंबकळत आहेत असे समजा. प्रत्येकाच्या मुठीवर ज्याचे त्याचे वजन. पण इतक्या लांब सळईवर आटे पाडणे जिकिरीचे, म्हणून तिचे दोन तुकडे करण्यात आले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. आता खालच्या माणसाने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले. पुलांचे वजन तेवढेच राहिले, पण वरच्या तुळईखालच्या नटावरचा भार दुप्पट झाला. ती तुळई पन्हळासारख्या (C आकाराच्या) दोन पोलादी पट्ट्या समोरासमोर वेल्ड करून केलेली पेटी होती. वेल्डच्या जागीच ती फाकली आणि नट तिच्यातून वर ओढला गेला. चौकशीत हेही दिसले, की मूळ जोडणीसुद्धा नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान भारापैकी सुमारे ६० टक्केच पेलू शकली असती.

ही 'डिझाइनची त्रुटी' खरी, पण ती कुठे बसली होती पाहा. एक चूक जोडणीचा हिशेब न करण्यात. दुसरी, पोलादी भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या नकाशात झालेला बदल पुन्हा भाराच्या वाटेवर तपासून न पाहण्यात. म्हणूनच या शाखेत बदलाची नोंद, फेरगणना आणि सही हे सगळे डिझाइनमध्येच मोडते. इथे नमुना बनवून तपासू, चुकला तर सुधारू, असे म्हणता येत नाही. पूल एकदाच बांधला जातो. चूक कागदावरच सापडली पाहिजे.

संख्याशास्त्राच्या माणसाला 'डिझाइन' म्हटले की वस्तू दिसतच नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेतीसंशोधन केंद्रात गेले. तिथल्या कामातून पुनरावृत्ती (तेच खत अनेक वाफ्यांना), यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केलेले) वाटप आणि गटबांधणी (सारख्या वाफ्यांचे गट) ही तीन तत्त्वे आकाराला आली. १९३५ मध्ये त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. चार खतांची तुलना करायची आहे, शेत एका अंगाला ओलसर आहे, असे धरा. चारही खतांचे वाफे जिथे सोयीचे तिथे आखले आणि एक खत नेमके ओलसर बाजूला गेले, तर पीक खताने वाढले की ओलीने, हे नंतर कोणतेही गणित सांगू शकत नाही. म्हणून ओल ज्या दिशेने वाढत जाते तिला आडवे चार पट्टे आखायचे, म्हणजे एका पट्ट्याच्या आत ओल जवळपास सारखी राहते. प्रत्येक पट्ट्यात चार वाफे, त्यांत चारही खते, आणि कोणते खत कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. प्रत्येक पट्ट्यासाठी चिठ्ठ्या नव्याने. १६ वाफ्यांतून १५ 'डिग्रीज ऑफ फ्रीडम', म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र अशा तुलना, मिळतात. त्यातल्या ३ पट्ट्यांकडे जातात, ३ खतांकडे आणि उरलेल्या ९ वर निसर्गाच्या आपोआप होणाऱ्या चढउताराचा अंदाज उभा राहतो.

चुकते ते दोन ठिकाणी. पट्टे ओलीच्या दिशेनेच लांब आखले, की प्रत्येक पट्ट्यात कोरडा आणि ओला असे दोन्ही वाफे येतात आणि पट्टे पाडण्याचा सारा उपयोग संपतो. दुसरी चूक याहून सर्रास होणारी. एकाच वाफ्यातून चार नमुने घ्यायचे आणि त्यांना चार पुनरावृत्त्या म्हणायचे. खत वाफ्याला दिलेले असते, त्यामुळे मोजणीचे एकक वाफा आहे. नमुने कितीही घेतले तरी वाफा एकच राहतो. या दोन्ही चुका पीक कापल्यावर दुरुस्त होत नाहीत, कारण इथला आराखडा पहिले बी पडण्याआधी गोठवायचा असतो.

आता या आराखड्यात त्या पाच चौकटींतली 'तपासा आणि सुधारा' ही सवय आणून बघा. चाचणी चालू असताना आकडे मधूनमधून पाहायचे आणि फरक 'लक्षणीय' (निव्वळ योगायोगाचा नसावा असा) दिसला की तिथेच थांबायचे. प्रत्यक्षात फरक मुळीच नसताना तो आहे असे वाटण्याची शक्यता आपण ५ टक्के धरलेली असते. वाढत्या आकड्यांकडे ठरावीक अंतराने पाच वेळा असे पाहिले, तर ती सुमारे १४ टक्क्यांवर जाते आणि दहा वेळा पाहिले तर सुमारे १९ टक्क्यांवर. काम मनापासून केलेले असते, कुणी खोटे बोललेले नसते आणि तरी निष्कर्ष खोटा निघतो. रुग्णांच्या सुरक्षेसाठी मध्येच पाहणे भाग असेल, तर किती वेळा पाहायचे आणि दर वेळी किती कडक निकष लावायचा, हे चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवावे लागते.

उलट दिशेनेही असेच होते. वस्तुरचनाकाराकडे दाराची मूठ आहे आणि पाचातली चार माणसे ती ढकलण्याऐवजी ओढत आहेत. तिथे नमुना गोठवून आणखी ९५ माणसांना दारापुढे उभे करण्यात अर्थ नाही. मूठ काढायची, सपाट पट्टी लावायची आणि पुन्हा पाहायचे. 'पाच माणसे पुरतात' हा या शाखेतला प्रसिद्ध नियम अशाच कामातून आला, पण त्यामागची अट बहुतेक वेळा गळून पडते. एखादी अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना येत असेल, तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के असते. अडचण ५ टक्के लोकांनाच येत असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता जेमतेम २३ टक्के. अशी अडचण ९५ टक्के खात्रीने दिसावी तर ५९ माणसे लागतात, आणि शंभरात एकालाच येणारी असेल तर २९९. दाराच्या मुठीला पाच पुरे. ज्या यंत्राच्या चुकीने माणूस दगावू शकतो, त्याला पाच म्हणजे काहीच नाहीत.

वास्तुरचनेत प्रश्नच आधी पुरता कळलेला नसतो. जिना घ्या. दोन रायझर (पायरीची उंची) अधिक एक ट्रेड (पाऊल टेकायची रुंदी) मिळून ६० ते ६४ सेंटिमीटर व्हावेत, हे चालण्याच्या पावलाशी जुळणारे सूत्र सतराव्या शतकापासून चालत आले आहे. मजल्याची उंची ३ मीटर असेल तर १८ रायझर, प्रत्येकी १६.६७ सेंटिमीटर, ट्रेड १७, प्रत्येकी ३० सेंटिमीटर. बेरीज ६३.३ येते, सूत्रात बसते. पण सरळ जिन्याला ५.१० मीटर लांबी लागली आणि जागा आहे ४ मीटर. म्हणजे जिना मध्येच वळवून तिथे चौक (सपाट टप्पा) घ्यायचा. चौक घेतला की रुंदी दुप्पट लागते, शेजारच्या खोलीची भिंत सरकते, भिंतीबरोबर दार सरकते, आणि दार सरकले की आत उजेड कुठून येणार हा प्रश्न नव्याने उभा राहतो. 'मला काय हवे आहे' हे घरमालकालाही तेव्हाच कळू लागते. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या अभ्यासकांनी १९७३ मध्ये नियोजनातल्या अशा प्रश्नांचे वर्णन केले, ज्यांची मांडणी आणि ज्यांचे उत्तर एकमेकांपासून सुटे करता येत नाही. वास्तुरचनाकार एकामागून एक कच्ची रेखाटने करतो ती प्रश्न शोधण्यासाठी. उत्तर पक्के करण्याची पाळी पुढे येते.

याच जिन्यात एक चूक वर्षानुवर्षे होत आली आहे. रायझर कागदावर अगदी सारखे असतात आणि सेंट्रिंग लावणारा काँक्रीटही तसेच सारखे ओततो. मग खालच्या आणि वरच्या जमिनीवर फरशीचा थर ५ सेंटिमीटर चढतो, पायरीवरच्या दगडाचा मात्र २. पहिली पायरी १३.६७ होते, शेवटची १९.६७. जिना चढताना पाय पहिल्या एक-दोन पावलांतच उंची गृहीत धरतो आणि नजर पायरीवरून उठते. म्हणून ३ सेंटिमीटरचा फरकही पाडतो. उपाय सोपा आहे : कच्चा पहिला रायझर ३ सेंटिमीटर जास्त आणि कच्चा शेवटचा ३ सेंटिमीटर कमी धरायचा. तो सुचायला मात्र नकाशा काढणाऱ्याला फरशीचा थर आधी माहीत असावा लागतो आणि ओतकाम करणाऱ्याला तो कुणीतरी सांगावा लागतो.

माणसाच्या मापाचा अभ्यास करणाऱ्यांनी 'सरासरी माणूस' या कल्पनेलाच सुरुंग लावला. अमेरिकी हवाई दलातील ४,०६३ वैमानिकांची मापे तपासून संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी पाहिले, की कॉकपिटसाठी महत्त्वाच्या दहा मापांत एकाच वेळी मधल्या पट्ट्यात बसणारे किती आहेत. उत्तर आले शून्य. तेव्हापासून नियम असा : हात पोचायचा असेल तर लहान चणीचा माणूस धरा, डोके आपटायला नको असेल तर उंच माणूस धरा आणि आसन पुढेमागे सरकणारे ठेवा.

या सगळ्या शाखा एकाच वस्तूवर आदळतात तेव्हा काय होते, हे पाहायला शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारा इन्फ्युजन पंप चांगला. यांत्रिकी अभियंत्याचे लक्ष नळी दाबणाऱ्या भागाकडे असते. तीच जागा तासन् तास दाबली गेली की नळी थकते आणि प्रवाह घसरतो. शिवाय पंपाचे दार उघडताच नळीवरचा दाब सुटतो आणि औषध गुरुत्वाने मोकळे वाहू लागते, म्हणून दार उघडण्याआधीच नळी आपोआप मिटवणारा चिमटा लागतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला बटणाची थरथर दिसते. धातूचे संपर्क काही मिलिसेकंद उसळतात, तेवढा वेळ थांबून वाचले नाही तर ५ एकदा दाबूनही ५५ उमटतात. माणसाच्या मापाचा आणि सवयींचा अभ्यास करणारा विचारतो, की आकड्यांची बटणे द्यायची की वाढवा-घटवा अशी बाणांची? आकड्यांच्या बटणांवर दशांशचिन्ह निसटले की चूक थेट दहापट होते. बाणांनी वेळ जास्त लागतो, पण आकडा वाढताना नजर पडद्यावरच असते. अक्षरांची मांडणी करणारा सांगतो, की १ मिलिलिटर हे '१.०' असे लिहू नका, ठिपका दिसला नाही तर ते १० वाचले जाते. आणि अर्धा मिलिलिटर '०.५' असाच लिहा, नुसते '.५' कधीही नको. सॉफ्टवेअरवाला प्रत्येक औषधाला वरची मर्यादा बांधतो. ती ओलांडल्यावर नुसती सूचना द्यायची की पंप चालूच होऊ द्यायचा नाही, हा निर्णय मात्र त्याचा नसतो, तो औषधशास्त्राचा आणि वॉर्डमधल्या परिचारिकांचा असतो. संख्याशास्त्रज्ञ शेवटी विचारतो, 'किती जणांवर तपासले?' आणि उत्तर येते, 'पाच.'

कुणीच चुकीचे नसते. खरा धोका दोन शाखांच्या मधल्या फटीत असतो, जिथे प्रत्येकाला वाटते की ते दुसरा बघेल. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात हेच घडले. आधीच्या यंत्रांत चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून विद्युत-यांत्रिक अटकाव होते. नव्यात ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली गेली आणि १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्राणघातक ठरेल इतका अतिरिक्त मारा बसल्याच्या घटना घडल्या, काहींचा त्यात मृत्यू झाला. पूर्वीच्या यंत्रांतल्या काही चुका लोखंडी अटकावामुळे झाकल्या गेल्या होत्या. अटकाव गेले आणि त्या उघड्या पडल्या.

शब्द एका शाखेतून दुसरीत जाताना कसा पालटतो, याचे उदाहरण सॉफ्टवेअरमध्येच आहे. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह घर, गल्ली आणि वस्तीचे २५३ 'पॅटर्न', म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची नमुनेदार उत्तरे, मांडले. सामान्य माणसाला आपले घर स्वतः घडवता यावे, हा त्यामागचा हेतू. १९९४ मध्ये चार संगणकतज्ज्ञांनी हीच कल्पना घेऊन प्रोग्रॅमरचनेचे २३ पॅटर्न दिले. तिथे तो व्यावसायिकांचा आपसात बोलायचा शब्दसंग्रह झाला, आणि वापरणारा रहिवासी मागे राहिला.

अर्थशास्त्रात तर काढायला रेघसुद्धा नसते. तिथे नियम हीच रचना. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांची १९६२ ची प्रवेशाच्या जागावाटपाची पद्धत घ्या. विद्यार्थी पसंतीक्रम देतात, महाविद्यालय मिळालेला अर्ज तात्पुरता ठेवून घेते आणि पुढच्या फेरीत अधिक पात्र अर्ज आला तर आधीचा सोडते. यात विद्यार्थ्याला खरा पसंतीक्रम लपवून कधीच फायदा होत नाही. 'पहिली पसंती देणाऱ्याला आधी जागा' एवढा एक वरकरणी न्याय्य नियम घुसवा, की हा गुण नाहीसा होतो आणि हुशार पालक मुलाची दुसरी आवड पहिल्या जागी लिहायला लागतात.

मग हे फरक स्वभावाचे का? वास्तुरचनेचे अभ्यासक ब्रायन लॉसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार मोलाचा आहे. रंगीत ठोकळे अशा रीतीने मांडायचे, की कडेला ठरलेला रंग जास्तीत जास्त दिसावा. मात्र कोणते ठोकळे एकत्र चालतात याचा एक नियम लपवलेला. विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शक्य तितक्या वेगवेगळ्या जोड्या लावून आधी तो नियम शोधला. वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षातल्यांनी सरळ चांगली दिसणारी मांडणी केली आणि ती नाकारली गेल्यावर पुढची करून पाहिली. हाच प्रयोग शाळकरी आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केला, तेव्हा असा स्पष्ट फरक आढळला नाही. म्हणजे या सवयी महाविद्यालयात लागतात, आपण शिक्षक त्या लावतो. आम्हाला या प्रयोगातले हे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याची जबाबदारी आमच्यावर येते.

म्हणून सामायिक प्रकल्प देणाऱ्या विभागांना आमची सूचना साधी आहे. पहिल्या दिवशी चित्र काढू नका, कल्पनांच्या चिठ्ठ्याही भिंतीवर चिकटवू नका. एका पानावर चार ओळी लिहून घ्या आणि प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याची त्यावर सही घ्या. काय गोठवायचे आणि कोणत्या तारखेला? कोणती चूक परवडते आणि कोणती एकदाही परवडत नाही? खात्री कशाने होणार. गणिताने, नमुन्याने की मोजणीने, आणि मोजणी असेल तर किती एककांवर? ठरलेल्यात बदल झाला तर फेरतपासणी कोण करणार? पंपाच्या प्रकल्पात दुसऱ्या ओळीवरच तास-दोन तास वाद होतील. ते होऊ द्यावेत. गुण देताना जिन्याला संख्याशास्त्राच्या आणि शेतावरच्या प्रयोगाला 'किती वेळा सुधारलात' या मापाने मोजू नये.

आणि आपल्या बातमीदारांना एक विनंती. 'डिझाइनमध्ये त्रुटी' असे चौकशी अधिकारी म्हणाले, तर तिथेच न थांबता पुढचे विचारावे : आकडेमोडीत, नकाशात, नकाशा मंजूर झाल्यानंतरच्या बदलात, बनवण्यात की वापरणाऱ्याला समोर काय दिसत होते त्यात? बदल झाला असेल तर तो कोणत्या कागदावर आहे, त्यावर सही कुणाची आहे आणि सहीआधी गणित पुन्हा केले होते का? चाचणीची बातमी असेल तर आराखडा आधी नोंदवला होता का आणि त्यात ठरलेल्या संख्येपर्यंत चाचणी गेली का? जिथे आराखडा म्हणायचा तिथे आराखडा, जिथे मांडणी तिथे मांडणी, जिथे संकल्पचित्र तिथे संकल्पचित्र, एवढे शब्द आपल्या पानावर परत आले तरी यातले अर्धे प्रश्न बातमीदाराला आपोआप सुचतील.

आपले नम्र,
अभियांत्रिकी, संख्याशास्त्र आणि वस्तुरचना शिकवणारे तिघे